एकाच साक्षीदारावर भरवसा नको!

— अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन

मित्रांनो, ओरलमध्ये दांडी उडणं हा काही आपल्यापैकी कुणालाच नवा अनुभव नाही. पण काही वेळा दांडी अशी उडते की वर्षभर ती डोक्यातून जात नाही. माझ्या बाबतीत थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला तसं झालं, आणि हा लेख त्याचाच परिणाम आहे.

आमच्या ग्रुपने 'कॉलेज बस ट्रॅकिंग' हा प्रोजेक्ट घेतला होता. एक जीपीएस मॉड्यूल, एक जीएसएम मॉड्यूल, मायक्रोकंट्रोलर आणि लॅपटॉपवर नकाशा. (प्रोजेक्ट दरवर्षी कुणीतरी करतंच, हे मान्य!) डेमोच्या दिवशी बस मेन बिल्डिंगच्या भिंतीला अगदी खेटून उभी होती आणि आमच्या नकाशावर मात्र ती लेडीज हॉस्टेलच्या मागच्या उसात! एक्स्टर्नल सर हसले. मी घाईघाईने मॉड्यूलचा आउटपुट दाखवला. ज्यांनी हे मॉड्यूल वापरलंय त्यांना माहीत असेल, त्यातून येणाऱ्या ओळीत 'ए' किंवा 'व्ही' असं एक अक्षर असतं. 'ए' म्हणजे स्थान ग्राह्य, 'व्ही' म्हणजे अग्राह्य. आमच्या ओळीत छान ठसठशीत 'ए' होता.

सरांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे यंत्र स्वतःच म्हणतंय की मी बरोबर आहे. ते चुकलंय हे तुझ्या सर्किटला कसं कळणार?"

मी म्हणालो, "सर, जीपीएस सहसा चुकत नाही."

"बस उसात आहे," सर म्हणाले. विषय संपला.

चुकीचं कारण नंतर कळलं. सिग्नल सरळ न येता भिंतीवर आपटून येत होता, म्हणजे आपला पुस्तकातला मल्टिपाथ. पण सरांच्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नव्हतं. ते मिळालं दिवाळीच्या सुट्टीत, मामाकडे. माझा मामा विमानतळांवरच्या रेडिओ नेव्हिगेशन यंत्रणांच्या देखभालीत आयुष्य घालवून निवृत्त झालाय. मी मोठ्या तोऱ्यात त्याला म्हणालो, "मामा, तुमचं ते व्हीओआर, एनडीबी वगैरे आता म्युझियममध्ये ठेवायला हरकत नाही. आमच्या वर्गात तर सगळ्यांनी ते युनिट ऑप्शनला टाकलंय."

मामा म्हणाला, "टाका की. पण मला एक सांग लेका, तुझं जीपीएस खोटं बोलायला लागलं तर गप्प बसतं का?"

तोच प्रश्न! फक्त भाषा वेगळी.

आता ज्यांनी खरोखरच ते युनिट ऑप्शनला टाकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात उजळणी. व्हीओआर हे जमिनीवरचं रेडिओ केंद्र १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं. दीपस्तंभाची कल्पना करा. त्याचा झोत गोल फिरतोय आणि तो बरोबर उत्तरेला आला की एक दिवा सगळीकडे एकदम चमकतो. चमक दिसल्यापासून झोत आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून आपण केंद्राच्या कुठल्या दिशेला आहोत ते कळतं. व्हीओआरमध्ये हाच 'झोत' सेकंदाला ३० वेळा फिरतो आणि चमकेऐवजी ३० हर्ट्झचे दोन सिग्नल असतात. त्यांच्या फेजमधला फरक म्हणजेच आपली दिशा. सेकंड इयरला ऑसिलोस्कोपवर फेज डिफरन्स मोजताना आपण जांभया देत होतो ना, तेच!

डीएमई अंतर सांगतं. विमान पल्सची जोडी पाठवतं, जमिनीवरचं केंद्र ठरलेले ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर पाठवतं आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर निघतं. धावपट्टीवर उतरताना आयएलएस असतं. त्यात मध्यरेषेच्या एका बाजूला ९० हर्ट्झचा सूर जास्त, दुसऱ्या बाजूला १५० हर्ट्झचा. दोन्ही सारखे झाले की विमान नाकासमोर धावपट्टीच्या रेषेत.

या सगळ्यांना मर्यादा नाहीत का? भरपूर आहेत, आणि त्या मामानेच मला सांगितल्या. व्हीओआरचा सिग्नल सरळ रेषेत जातो. मध्ये डोंगर आला की संपलं. शिवाय ६० सागरी मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे जवळजवळ एक सागरी मैलाची चूक. डीएमई तिरकं अंतर मोजतं. ३६,००० फुटांवरून विमान केंद्राच्या अगदी डोक्यावर असलं तरी यंत्र सांगतं की अजून सहा मैल आहेत! एनडीबीचं तर विचारूच नका. जवळपास वीज कडाडत असेल तर विमानातली सुई केंद्र सोडून ढगाकडे वळते. आयएलएसच्या अँटेनासमोर एखादं विमान किंवा गाडी उभी राहिली तर किरण वाकडा होतो. वर प्रत्येक केंद्राला जागा हवी, वीज हवी, माणसं हवीत आणि ते तपासायला अधूनमधून खास उपकरणं बसवलेलं विमान उडवावं लागतं. आपल्याकडे विमानतळ प्राधिकरणाचा त्यासाठी वेगळा विभाग आहे.

मग यात कौतुक करण्यासारखं काय? मामाच्या शब्दांत सांगतो: "आमच्या व्हीओआरशेजारी मॉनिटर असायचा. दिशा एका अंशापेक्षा जास्त घसरली की तो ट्रान्समीटर बंद पाडायचा, दुसरा सुरू करायचा, नाहीतर केंद्रच गप्प. दुरुस्ती चालू असली की केंद्राची मोर्समधली ओळख काढून टाकायचो. पायलटला ओळख ऐकू आली नाही तर त्याने सुईवर विश्वास ठेवायचाच नाही. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हा आमचा धर्म!"

ओरलमध्ये मला हेच सांगता आलं नव्हतं. अचूकता वेगळी आणि भरवसा वेगळा. यंत्र चुकलं तर ते वेळेवर सांगेल का, याला या क्षेत्रात इंटिग्रिटी म्हणतात. आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'अॅक्युरसी अमुक मीटर' असं ठोकून देतो. इंटिग्रिटीचा रकानाच नसतो.

आता जीपीएसकडे येऊ. त्याची थोरवी मी नाकारत नाही, नाकारणारा मी कोण? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह, प्रत्येकात अणुघड्याळ. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ, चारही गोष्टी हातात. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, तेही हिशेबात धरलेलं असतं. व्हीओआरवरून व्हीओआरवर उड्या मारत जाण्याऐवजी विमान सरळ जातं, इंधन वाचतं. जिथे आयएलएस बसवणं परवडत नाही तिथेही ढगातून नेमकं खाली येता येतं.

पण हा सिग्नल किती दुबळा असतो, माहीत आहे? उपग्रहातून तो काही दहा वॉट शक्तीने निघतो, म्हणजे आपल्या जिन्यातल्या बल्बइतका. जमिनीवर पोचेपर्यंत अँटेनाला मिळणारी शक्ती साधारण ०.०००००००००००००००१ वॉट उरते. ती आसपासच्या नैसर्गिक नॉइजपेक्षाही कमी असते. रिसीव्हर १०२३ चिपचा कोड जुळवून तो सिग्नल अक्षरशः गाळातून सुई काढावी तसा काढतो. तंत्र म्हणून याला सलामच! पण इतक्या हळू आवाजात बोलणाऱ्याला गप्प करायला किती जोर लागेल?

फार नाही. २०१२ साली अमेरिकेत नेवार्क विमानतळावर उपग्रहाधारित लँडिंगची यंत्रणा बसवली होती, तिच्यात अडथळे येत होते. शोध घेतल्यावर सापडला जवळून जाणारा एक ट्रक. आपण कुठे फिरतो हे मालकाला कळू नये म्हणून ड्रायव्हरने गाडीत छोटा जीपीएस जॅमर लावला होता! त्याला विमानतळाशी काही घेणंदेणं नव्हतं. पुढच्या वर्षी सरकारने त्याला ३१,८७५ डॉलरचा दंड ठोठावला. मालकाला चुकवण्यासाठी लावलेली डबी आणि विमानतळाची यंत्रणा आंधळी, असा हा प्रकार.

आणि जॅमिंग तरी बरं म्हणायचं. जॅमिंग म्हणजे वर्गातला गोंगाट. सरांना निदान कळतं की काही ऐकू येत नाहीये. स्पूफिंग म्हणजे प्रॉक्सी! तुमच्या रोल नंबरला दुसराच कुणी "प्रेझेंट सर" म्हणतो आणि सर खुशाल टिक करतात. स्पूफिंगमध्ये खोटा ट्रान्समीटर उपग्रहासारखाच, पण थोडा मोठ्या आवाजात बोलतो. रिसीव्हर त्याच्यामागे जातो आणि 'ए' छापत राहतो. २०२३ च्या उत्तरार्धात इराक-इराण परिसरातून जाणाऱ्या विमानांना याचा अनुभव येऊ लागला. नकाशावर विमान भलतीकडेच, कॉकपिटचं घड्याळ चुकतंय, पुरेशा उंचीवर असताना जमीन जवळ आल्याचा इशारा कोकलतोय! काही विमानांत तर जायरोवर चालणाऱ्या इनर्शियल यंत्रणेलाही बाधा झाली, कारण तिला जीपीएसने अधूनमधून दुरुस्त करण्याची सोय होती. पहिल्या साक्षीदाराने दुसऱ्यालाही पढवून ठेवलं की खटल्याचं काय होणार?

आपण यापासून लांब आहोत असं समजू नका. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमावर्ती भागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, अशा ४६५ घटनांची नोंद झाल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर थेट दिल्लीजवळ उपग्रहाच्या आधाराने धावपट्टी १० कडे येणाऱ्या काही विमानांनी स्पूफिंगची तक्रार केली. त्यांच्यासाठी पर्यायी पद्धत वापरावी लागली. पण ज्या धावपट्ट्यांवर जुनी, पारंपरिक रेडिओ साधनं चालू होती तिथलं काम अडलं नाही, असं सरकारचंच संसदेतलं उत्तर आहे. 'म्युझियममध्ये ठेवा' म्हणणाऱ्या मला हे वाचून मामाला फोन करावासा वाटला, पण धीर झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकटं जीपीएस कशाला, रशियाचं ग्लोनास आहे, युरोपचं गॅलिलिओ आहे, चीनचं बैदू आहे, आपलं नाविक आहे. एक बिघडलं तर दुसरं! हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा जवळजवळ आठवडाभर बंद पडली होती. आपल्या पहिल्या नाविक उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं निकामी झाली होती. अशा वेळी दुसरं कुटुंब कामाला येतं. पण जॅमरपुढे? हे सगळे उपग्रह दुरून, हळू आवाजात आणि बहुतेक एकमेकांच्या शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. पाच भाऊ एकाच खोलीत झोपले असतील तर पाच साक्षीदार म्हणायचे की एकच?

दुसरा मुद्दा 'गगन'चा. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेल्या या यंत्रणेचा मला मनापासून अभिमान आहे. जमिनीवरची केंद्रं जीपीएसमधली चूक मोजतात आणि भूस्थिर उपग्रहांमार्फत दुरुस्ती विमानाला कळवतात. एखादा उपग्रह बिघडला तर काही सेकंदांत इशाराही देतात. म्हणजे मामाचा तो मॉनिटरच, देशभर पसरलेला! आणि आपल्याकडे हे काम जास्त अवघड होतं. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकावरून जातं. थुंबा रॉकेट केंद्राची जागा त्यामुळेच निवडली गेली आणि १९६३ साली तिथून पहिलं रॉकेट उडालं. या पट्ट्यात आयनांबर फार चंचल असतं. सूर्यास्तानंतर त्यात बुडबुड्यांसारखे पोकळ भाग तयार होतात आणि त्यातून येणारा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. इतकं असूनही २०१५ साली गगनला उतरणाऱ्या विमानांना उभ्या दिशेचं मार्गदर्शन देण्याची मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एक प्रवासी विमान गगनच्या आधाराने चाचणी म्हणून उतरलं.

पण गगनचा इशारासुद्धा जीपीएसच्याच फ्रिक्वेन्सीवरून, तितक्याच दुबळ्या आवाजात येतो. उपग्रह चुकला तर गगन सांगेल. खालून कुणी कान बंद केले तर गगनचं बोलणंही ऐकू येणार नाही. विमानातल्या रिसीव्हरमध्ये 'रेम' नावाची सोय असते. पाचवा उपग्रह दिसत असेल तर चार जणांच्या उत्तराशी त्याचं उत्तर ताडून पाहायचं. एक उपग्रह बिघडला तर ही युक्ती उत्तम. पण सगळेच खोटे आणि सगळ्यांचं आपसांत एकमत असेल तर? सगळा बेंच एकाच वहीतून कॉपी करत असेल तर उत्तरं जुळणारच ना!

म्हणूनच माझं स्पष्ट मत असं आहे की पर्यायी यंत्रणा नुसती दुसरी असून भागत नाही, ती वेगळ्या जातीची हवी. हा धडा जीपीएसच्याही आधीचा आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं ००७ हे विमान अँकरेजहून सोलला जाताना शेकडो किलोमीटर भरकटलं, सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि तिथल्या लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. विमानात एक सोडून तीन इनर्शियल संच होते. पण ऑटोपायलट त्यांच्या सांगण्यावर चाललाच नव्हता, तो एकच चुंबकीय दिशा धरून चालत राहिला आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, असं पुढे आंतरराष्ट्रीय तपासात निघालं. मला सुन्न करणारी गोष्ट पुढची आहे. वाटेत अलास्कात बेथेलला एक व्हीओआर होतं. विमान त्याच्या माथ्यावरून जायला हवं होतं, ते गेलं सुमारे १२ सागरी मैल उत्तरेकडून. साक्षीदार तिथे उभा होता, खरं बोलत होता. त्याचं म्हणणं कुणी नीट ऐकलं नाही. याच दुर्घटनेनंतर जीपीएस तयार झाल्यावर ते नागरी विमानांना खुलं करू असं अमेरिकेने जाहीर केलं. म्हणजे आज आपल्या खिशात जे आहे त्यामागे ती २६९ माणसंही आहेत.

उलट उदाहरण एस्टोनियातल्या तार्तूचं. तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवरच अवलंबून होती. एप्रिल २०२४ मध्ये जॅमिंगमुळे फिनएअरची दोन विमानं न उतरताच हेलसिंकीला परतली आणि कंपनीने महिनाभर सेवाच थांबवली. ती जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, ती नवीन उपग्रह सोडून नव्हे, तर जमिनीवरच्या डीएमईवर आधारलेली पद्धत आखून!

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं असा नाही. प्रत्येक एनडीबी जपून ठेवा असं मामाही म्हणत नाही. अमेरिकेने शेकडो व्हीओआर बंद करायचं ठरवलं, पण उरलेल्यांचं जाळं असं आखलं की जीपीएस गेलं तरी विमानाला १०० सागरी मैलांच्या आत उतरण्यासारखा विमानतळ मिळावा. हे मला पटतं. आपल्या सरकारनेही असं किमान जाळं राखल्याचं म्हटलं आहे. ते कागदावर न राहता चालू स्थितीत राहावं, त्याची देखभाल करणारी माणसं तयार होत राहावीत, एवढीच अपेक्षा. आणि ही माणसं येणार कुठून? आपल्याच बेंचवरून! आपण ते युनिट ऑप्शनला टाकणार, अभ्यासक्रम बदलताना 'कालबाह्य' म्हणून ते वगळलं जाणार आणि मग मामाच्या पिढीबरोबर ती विद्याही निवृत्त होणार. तेव्हा नवीन अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी नम्र विनंती: उपग्रहाचा धडा जरूर वाढवा, पण व्हीओआर-डीएमईचा धडा काढून त्याची जागा करू नका. दोन्ही शेजारी शेजारी शिकवा. एकाची मर्यादा दुसऱ्याशेजारी ठेवल्यावरच कळते.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी एक सोपा नियम. यंदा जो कुणी जीपीएस मॉड्यूल विकत आणेल त्याने रिपोर्टमध्ये एक पान जास्त लिहावं: 'हे यंत्र चुकलं तर मला कसं कळेल?' आम्ही यंदा आमच्या बसला चाकाच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर जोडलाय. जीपीएस म्हणतंय बस ७० मीटर सरकली आणि चाक म्हणतंय मी हललोच नाही, तर स्क्रीनवर 'ए' येत नाही, लाल पट्टी येते. काही ग्रेट नाही, दोनशे रुपयांचा खर्च. पण बस परत उसात गेलेली नाही.

दिवाळीत हे मामाला दाखवलं. त्याने सर्किट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "सोल्डरिंग घाण आहे. पण आता तुझं यंत्र गप्प बसायला शिकलं."